‘थांब’ म्हणणारी माणसं

२५ फेब्रुवारी २०१६, ओल्ड ट्रॅफर्ड. युरोपा लीगमध्ये मिद्युलंड या डॅनिश संघाविरुद्धची परतीची लढत होती. पहिला सामना मँचेस्टर युनायटेड डेन्मार्कमध्ये १-२ असा हरून आलं होतं आणि जखमी खेळाडूंची यादी लांबतच चालली होती. त्यात सामन्यापूर्वी अंग मोकळं करताना अँटनी मार्सियाल दुखावला. ऐनवेळी अठरा वर्षांच्या मार्कस रॅशफर्डला उतरवावं लागलं. पाठीवर ३९ आकडा असलेल्या या पोराने उत्तरार्धात दोन गोल केले. युनायटेड ५-१ जिंकलं. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याने पुन्हा दोन गोल मारले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दुसरं काही उरलंच नाही. संधी देणारे व्यवस्थापक लुई व्हान गाल यांचं कौतुक झालं, मार्सियालच्या दुखापतीचे आभार मानले गेले, आणि मुलाच्या आईने एकटीने घर कसं चालवलं तेही छापून आलं.

त्याच महिन्यात, या सामन्याच्या थोडंच आधी, क्लबच्या अंडर-१८ संघाचे प्रशिक्षक पॉल मॅकगिनेस नोकरी सोडून गेले होते. ती बातमीही आली होती, पण पानाच्या तळाशी. रॅशफर्डला त्यांनी वाढताना पाहिलं होतं, वयाच्या पुढच्या गटात खेळवलं होतं. तो टीव्हीवर झळकला तेव्हा त्यांचा क्लबशी संबंध उरला नव्हता.

हा योगायोग नाही. युवा प्रशिक्षकाच्या धंद्यात हे असंच व्हायचं असतं. नऊ वर्षांचा मुलगा अकादमीत येतो आणि पहिल्या संघात पोचायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात. पोचलाच तर. मोठ्या क्लबात एवढ्या काळात चार व्यवस्थापक बदलतात, कधी मालक बदलतो, आणि आता तर प्रशिक्षकही बदलतात. मुलगा दिसू लागतो त्या दिवशी त्याला घडवणारी माणसं बहुधा दुसऱ्याच गावात दुसऱ्याच मुलांबरोबर असतात. त्यामुळे एखाद्या क्लबची अकादमी ‘जोरात’ आहे असं लोक म्हणतात तेव्हा ते सात-आठ वर्षांपूर्वीच्या नोकरांविषयी बोलत असतात, आणि ‘बसली’ म्हणतात तेव्हाही.

मॅकगिनेस यांचं जाणं एकटं नव्हतं. अकादमीचे प्रमुख ब्रायन मॅकक्लेअर २०१५ च्या उन्हाळ्यात स्कॉटिश फुटबॉल संघटनेत गेले. १९८७ पासून अकरा वर्षं ते युनायटेडकडून खेळले होते आणि २००६ पासून अकादमी त्यांच्याकडे होती. त्यांच्यानंतर ती खुर्ची कित्येक महिने रिकामीच राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये निकी बट तिथे बसले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राखीव संघाचे प्रशिक्षक वॉरन जॉइस विगन ॲथलेटिकचे व्यवस्थापक म्हणून गेले. (तिथे ते मार्चपर्यंतच टिकले. मोठ्यांच्या फुटबॉलात सबुरी नावाची गोष्ट किती थोडी असते, हे त्यांना चार महिन्यांत कळलं असणार.) म्हणजे दीड वर्षाच्या आत प्रमुख, अंडर-१८ आणि राखीव संघ, तिन्ही जागांवरची जुनी माणसं गेली. तिकडे शहराच्या पूर्वेला मँचेस्टर सिटीने डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे वीस कोटी पाउंड खर्चून नवी अकादमी उघडली होती. एकाच शहरातल्या आईबापांनी आपल्या मुलाला कुठे पाठवायचं हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर आपोआप ‘युनायटेड’ असं येऊ नये, ही त्या शहरात नवी गोष्ट होती.

इंग्लिश पत्रांनी तेव्हा युनायटेडच्या अकादमीची ‘पडझड’ लिहायला घेतली, आणि तिच्या ऐन मध्यावर रॅशफर्ड उगवला. पत्रकारांची थोडी पंचाईत झाली. मला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मोडतोड २०१५-१६ मध्ये होत होती आणि रॅशफर्ड त्याच्या आधीच्या दहा वर्षांचा होता.

युनायटेडला या बाबतीत इतर क्लबांपेक्षा जास्त मोजायला हवं, कारण मोजमाप त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलंय. ३० ऑक्टोबर १९३७ पासून आजवर पहिल्या संघाच्या प्रत्येक सामन्याला, अकरांत नाही तर राखीवांत, क्लबने घडवलेला किमान एक खेळाडू असतोच. डिसेंबर २०१९ मध्ये अशा सामन्यांचा आकडा चार हजारांवर गेला. या साखळीच्या मुळाशी सचिव वॉल्टर क्रिकमर आणि मालक जेम्स गिब्सन यांनी त्याच सुमारास काढलेला पोरांचा क्लब आहे. तेव्हा युनायटेड कर्जबाजारी होतं आणि विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून पोरं घडवायची ठरली. परंपरेची कथा नंतर रचली गेली. सुरुवात काटकसरीतून झाली.

युद्धानंतर व्यवस्थापक म्हणून मॅट बझ्बी आले. त्यांनी इटलीतल्या बारीमध्ये सैनिकांपुढे फुटबॉलवर तळमळीने बोलणारा एक वेल्श माणूस पाहिला होता, त्याला बरोबर घेतलं. तो जिमी मर्फी. ‘बझ्बीची पोरं’ म्हणून जी ओळखली गेली ती खऱ्या अर्थाने मर्फी आणि त्यांचे सहकारी बर्ट व्हॅली यांची पोरं होती. एफए युथ कप १९५२-५३ च्या हंगामात सुरू झाला आणि पहिली पाचही वर्षं युनायटेडने जिंकला. फेब्रुवारी १९५८ मध्ये संघ बेलग्रेडला गेला तेव्हा मर्फी बरोबर नव्हते. ते वेल्सचेही व्यवस्थापक होते आणि कार्डिफमध्ये इस्रायलविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना होता. त्यांच्याऐवजी व्हॅली गेले. ६ फेब्रुवारीला म्युनिकच्या धावपट्टीवर विमान कोसळलं. खेळाडूंपैकी आठ गेले, क्रिकमर गेले, प्रशिक्षक टॉम करी गेले, व्हॅली गेले. खेळाडूंची नावं युनायटेडच्या प्रत्येक चाहत्याला पाठ असतात. व्हॅलींचं नाव अनेकांना आठवत नाही.

मर्फींना बाहेरून व्यवस्थापकपदं विचारली गेली. ते कुठेच गेले नाहीत. बझ्बींच्या पुतळ्याला क्लबने कधीच जागा दिली होती. मर्फींचा पुतळा ओल्ड ट्रॅफर्डबाहेर उभा राहायला २०२३ उजाडलं.

मग एरिक हॅरिसन. यॉर्कशरचा माणूस. खेळाडू म्हणून हॅलिफॅक्स, हार्टलपूल, बॅरो, साउथपोर्ट अशा खालच्या दर्जाच्या संघांत आयुष्य गेलं, पहिल्या श्रेणीत एकही सामना नाही. १९८१ मध्ये व्यवस्थापक रॉन ॲटकिन्सननी त्यांना एव्हर्टनमधून आणलं. १९८६ च्या नोव्हेंबरात ॲलेक्स फर्ग्युसन आले आणि पहिल्या भेटीतच म्हणाले की पोरं पुरेशी वर येत नाहीत. हॅरिसननी उलट सांगितलं की मला चांगली पोरं आणून द्या, मग बघा. नव्या साहेबाला असं सुनावणारा माणूस नोकरीवर राहिला, हे फर्ग्युसन यांच्या खात्यावर जमा करायला हवं. त्यांनी मुलं हुडकणाऱ्यांची संख्या वाढवली आणि मँचेस्टरच्या शाळा नि मोहल्ल्यांतले सामने धुंडाळायचं काम ब्रायन किड यांच्यावर सोपवलं. सिटीकडे सराव करणारा एक सडपातळ डावखुरा मुलगा चौदाव्या वाढदिवशी युनायटेडकडे आला तो याच काळात. तोच रायन गिग्ज.

सॅल्फर्डमधल्या ‘द क्लिफ’ या जुन्या सराव मैदानावर हॅरिसन वरच्या खिडकीतून खाली चाललेला खेळ बघत आणि काही चुकलं की काच बडवत. तेवढ्यानेच खालची पोरं गारठत, असं त्यांतल्या कित्येकांनी नंतर सांगितलंय. १९९२ चा युथ कप त्यांनी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन सामन्यांत मिळून ६-३ असा जिंकला. गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल त्या संघात होते. पॉल स्कोल्स अंतिम सामन्यांत नव्हता. तो फार लहानखुरा होता, दम्याचा त्रास होता आणि गुडघेही दुखत. बाहेरच्यांना त्याच्याविषयी शंका होती, हॅरिसन-किड यांना नव्हती. त्याच संघातले काही जण मात्र पहिल्या संघापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्यावर माहितीपट निघत नाहीत.

आपल्याकडे हे वाचताना शिवाजी पार्क आठवणारच. रमाकांत आचरेकर २ जानेवारी २०१९ ला गेले, हॅरिसन त्यानंतर दीड महिन्याच्या आत, फेब्रुवारीच्या मध्याला. दोघेही मोठ्या दर्जाचं क्रिकेट-फुटबॉल फारसं न खेळलेले, दोघेही कडक, आणि दोघांचेही विद्यार्थी जगाला ठाऊक. फरक असा की आचरेकर सरांना शिवाजी पार्कवरून कोणी काढू शकत नव्हतं. एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर त्यांची जागा अवलंबून नव्हती. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर पोरांना स्कूटरवरून नेऊन खेळवायचं, हा त्यांचा स्वतःचा कारभार होता. हॅरिसन पगारी नोकर होते, आणि तरी सतरा वर्षं एका जागी टिकले. पगारी माणसाच्या बाबतीत हे आज जवळजवळ अशक्य झालंय.

किड मात्र गेले. १९९१ मध्ये सहायक आर्ची नॉक्स रेंजर्सला गेल्यावर फर्ग्युसननी त्यांना पहिल्या संघाकडे, आपल्या उजव्या हाताला घेतलं होतं. डिसेंबर १९९८ मध्ये ते ब्लॅकबर्न रोव्हर्सचे व्यवस्थापक म्हणून निघून गेले. हॅरिसनही त्याच वर्षी निवृत्त झाले होते. पाच महिन्यांनी, १२ मे १९९९ ला, ब्लॅकबर्नचा सामना युनायटेडशीच होता आणि जिंकणं त्यांना भाग होतं. सामना ०-० सुटला आणि किड यांचा संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. ज्या पोरांना त्यांनी हुडकलं-वाढवलं होतं ती पोरं त्यांच्या समोर, उलट्या बाजूला होती. दोन आठवड्यांनी तीच पोरं बार्सिलोनात युरोपियन चषक उचलत होती. अकरांत गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल. स्कोल्स निलंबित, नाहीतर पाच. त्या रात्री पडद्यावर फर्ग्युसन दिसत होते.

आता मूळ प्रश्नावर येतो. प्रशिक्षक जातो तेव्हा क्लबातून नेमकं काय जातं? सराव कसा घ्यायचा याची पद्धत जात नाही. ती लिहून ठेवलेली असते. २००० मध्ये युनायटेड क्लिफ सोडून कॅरिंग्टनला गेलं. तिथे नऊ वर्षांखालच्या मुलांना चार-चारच्या छोट्या संघांत खेळवण्याचा प्रयोग त्यांनी केला, कारण मोठ्या संघात लहान पोराच्या पायाला चेंडू लागतच नाही. विद्यापीठातल्या संशोधकांनी तो मोजला आणि पुढे इतरांनी उचलला. अशी गोष्ट माणसं गेली तरी राहते. २०१२ पासून प्रीमियर लीगच्या नव्या आराखड्यानुसार अकादम्यांची प्रतवारी होते, प्रत्येक मुलाची संगणकावर नोंद असते, सामन्यांची चित्रफीत असते. त्याची उंची, वजन, हाडं किती वाढलीत याचा अंदाजही असतो. कागद भरपूर आहेत.

जातो तो एका विशिष्ट मुलाबद्दल कोणीतरी दिलेला शब्द.

जेसी लिंगार्ड याचं उदाहरण घेतो. सात वर्षांचा असताना क्लबात आलेला, आणि सगळ्या गटांत सगळ्यात बुटका. त्याच्या वयाची पोरं खांद्याने ढकलून पुढे जायची. दुसऱ्या कुठल्याही अकादमीत सोळाव्या वर्षी त्याला ‘रिलीज’चं पत्र मिळालं असतं. फर्ग्युसननी त्याला आणि घरच्यांना सांगितलं की तू बावीस-तेवीसपर्यंत तयार होशील, धीर धर. मॅकगिनेस आणि त्यांचे सहकारी त्याला शरीर सोसेल अशा गटांत खेळवत राहिले. २०११ च्या युथ कप विजेत्या संघात तो होता. पहिल्या संघाकडून पदार्पण ऑगस्ट २०१४ मध्ये, एकविसाव्या वर्षी. तेव्हा फर्ग्युसन निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. मे २०१६ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध विजयी गोल त्यानेच केला. ‘थांब’ म्हणणाऱ्यांपैकी मॅकगिनेस, मॅकक्लेअर, फर्ग्युसन यांतला एकही तेव्हा खेळाडूंच्या रोजच्या कामात नव्हता.

स्कॉट मॅकटॉमिने याची गोष्ट आणखी टोकाची आहे. पाचव्या वर्षापासून क्लबात. अठराव्या वर्षापर्यंत बारका, त्यामुळे अंडर-१८ मध्ये फार खेळायलाही मिळालं नाही. मग वर्ष-दीड वर्षात तो इतका वाढला की उंची सहा फूट चारच्या आसपास गेली, आणि एवढ्या झपाट्याने वाढलेलं शरीर सावरायला पुन्हा वेळ गेला. मे २०१७ मध्ये व्यवस्थापक जोझे मॉरिन्यो यांनी त्याला आर्सेनलविरुद्ध उतरवलं. मॉरिन्यो त्याचं श्रेय घेत असत, आणि खेळवलं त्यांनीच हे खरं. पण जेव्हा तो बुटका होता, सामने मिळत नव्हते आणि दरवर्षी ‘याला ठेवायचं का’ ही बैठक होत होती, तेव्हा त्या बैठकीत ‘ठेवा’ म्हणणारं कोण होतं? हे कुठल्याच संगणकात नाही. आकडे पाहून कोणीही ‘नको’ म्हणू शकतो. ‘ठेवा’ म्हणायला त्या मुलाला चार हिवाळे पाहिलेला माणूस लागतो.

उलटही घडतं. २०११ च्या त्याच संघात पॉल पोग्बा होता. अंतिम फेरीत त्यांनी शेफिल्ड युनायटेडला ६-३ हरवलं, आणि त्या पराभूत संघात हॅरी मॅग्वायर होता. पोग्बाला थांबायचं नव्हतं. २०१२ मध्ये तो करार संपवून युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये युनायटेडने त्याला ८.९ कोटी पाउंड मोजून परत आणलं. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. मॅग्वायर २०१९ मध्ये ८ कोटींना आला. २०११ च्या मे महिन्यात पोरांच्या एका सामन्यात जे दोघे मैदानावर होते, त्यांच्यासाठी पुढे सतरा कोटींच्या आसपास रक्कम गेली. यात युवा प्रशिक्षकांचा काही दोष नाही. त्यांनी पोरगा तयार करून दिला होता. त्याला खेळवायचा की नाही, हे वरच्या मजल्यावर ठरतं.

मग अशी माणसं का जातात? पगारावरून, हे पहिलं सरळ उत्तर. दुसरं कारण व्यवस्थेत आहे. १९९८ मध्ये हॉवर्ड विल्किन्सन यांच्या आराखड्यावरून इंग्लंडमध्ये अकादम्या सुरू झाल्या आणि २०१२ च्या योजनेने त्यांना पूर्णवेळ प्रशिक्षकांची मोठी फौज ठेवणं भाग पाडलं. त्यातून एक नवा धंदा उभा राहिला. हॅरिसन यांच्या काळात युवा प्रशिक्षक म्हणजे खेळून थकलेला माणूस, जो तिथेच म्हातारा व्हायचा. आता तो पदव्या घेतलेला तिशीतला तरुण असतो आणि अंडर-१८ ही त्याच्या शिडीची एक पायरी असते. किरन मॅकेना पाहा. टॉटनममध्ये खेळत असताना कंबरेच्या दुखापतीने कोवळ्या वयात खेळ संपला. टॉटनमचा अंडर-१८ संघ सांभाळून २०१६ मध्ये तो युनायटेडच्या अंडर-१८ वर आला, मॅकगिनेस यांच्या रिकाम्या जागी. दोन वर्षांत मॉरिन्यो यांनी त्याला वर उचललं. डिसेंबर २०२१ मध्ये तो इप्सविच टाउनला गेला आणि २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं त्या संघाला वर चढवून थेट प्रीमियर लीगमध्ये घेऊन आला. एवढ्या गुणी माणसाने आयुष्यभर सतरा वर्षांच्या पोरांना शिकवत बसावं अशी अपेक्षा करायची कोणी? पण त्या दोन वर्षांत त्याच्या हाताखाली असलेल्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याचा मास्तर वर्गात असतानाच बदलला.

निकी बट यांचं जाणं वेगळ्या जातीचं होतं. १९९२ च्या संघातला मुलगा, पुढे अकादमीचा प्रमुख, २०१९ पासून अकादमी आणि पहिला संघ यांमधला दुवा. मार्च २०२१ मध्ये क्लबने फुटबॉल संचालक आणि तांत्रिक संचालक अशी नवी पदं निर्माण केली आणि त्याच महिन्यात बट बाहेर पडले. नवा आराखडा आला की जुन्या माणसाला कागदावर जागा सापडत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या संस्थेत ज्याने ‘पुनर्रचना’ पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख जुन्या मास्तरांच्या आरतीत संपेल. एकाच माणसाने वर्षानुवर्षं पोरांवर एकछत्री सत्ता गाजवावी, हे नेहमी चांगलंच असतं असं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका माजी खेळाडूने तोंड उघडलं आणि इंग्लिश फुटबॉलमधला बाललैंगिक अत्याचारांचा इतिहास बाहेर आला. क्रू अलेक्झांड्राचा प्रशिक्षक आणि मँचेस्टर सिटीशीही संबंध राहिलेला बॅरी बेनेल २०१८ मध्ये दीर्घ तुरुंगवासात गेला. ‘हा तुमच्या पोराला खेळाडू बनवेल’ हाच त्याच्या हातातला हुकमी पत्ता होता. २०२१ च्या चौकशी अहवालाने फुटबॉल संघटनेवर ठपका ठेवला. अत्याचाराची गोष्ट सोडा, नुसती दहशतही कमी नव्हती. क्लिफवर मोठी पोरं लहान पोरांना जे ‘दीक्षा’ प्रकार करायला लावत ते त्याच पिढीने पुढे सांगितलंय, आणि आज त्यातल्या निम्म्यावरून शाळा बंद पडेल. आज प्रत्येक अकादमीत बालसंरक्षण अधिकारी असतो, दोन प्रौढांशिवाय खोलीत मुलगा नसतो, नोंदी असतात. या नोंदींना मी वर जरा हिणवलं, पण त्या ज्यासाठी आल्या ते कारण पोरखेळ नव्हतं. माणूस बदलता येणं ही मुलांची सुरक्षाही असते.

त्यामुळे कोणी गेला म्हणजे तोटाच, असं म्हणता येत नाही. तोटा कधी होतो, तर एका वेळी तिघं-चौघं गेले आणि जाताना कोणी कोणाला काही सांगितलं नाही, तेव्हा. २०१५-१६ मध्ये जे झालं ते मला त्यातलं वाटतं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, युनायटेडचा अंडर-२३ संघ आपल्या श्रेणीतून खाली घसरला. त्याचा थेट संबंध मी लावणार नाही. या धंद्यात कारण आणि परिणाम यांत इतकी वर्षं असतात की कोणीही काहीही सिद्ध करू शकतं.

अलीकडे हिशेबनीस लोकांना अकादमीत अचानक रस आलाय, तोही वेगळ्या कारणाने. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमाप्रमाणे क्लबला तीन वर्षांत साधारण साडेदहा कोटी पाउंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत करारवर्षांत वाटून वहीत लिहावी लागते. घरी घडवलेल्या मुलाची किंमत वहीत शून्य. तो विकला की मिळालेली सगळी रक्कम त्याच वर्षी नफा. मग घरचाच मुलगा विकायला सगळ्यात सोयीचा ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मॅकटॉमिने सुमारे अडीच कोटींना नापोलीला गेला. मे २०२५ मध्ये नापोलीने इटालियन विजेतेपद मिळवलं ते ठरवणाऱ्या कॅलियारीविरुद्धच्या सामन्यात त्याने हवेत आडवं होऊन गोल केला, आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. रॅशफर्ड आधी ॲस्टन व्हिलाला, मग बार्सिलोनाला उसना गेला. २०२४ च्या मे महिन्यात एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटीविरुद्ध युनायटेडचे दोन्ही गोल अकादमीतल्या पोरांनी केले, अलेहांद्रो गार्नाचो आणि कोबी मेनू. सव्वा वर्षात गार्नाचो सुमारे चार कोटींना चेल्सीला विकला गेला.

खेळाडू परदेशी विकला गेला की त्याच्या बारा ते तेवीस या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांना रकमेतला पाच टक्के वाटा मिळतो, असा फिफाचा नियम आहे. क्लबांना. शिकवणारा माणूस त्या नियमात नाही. तिकडे २०२४ च्या फेब्रुवारीत उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी क्लबातला २७.७ टक्के हिस्सा घेतल्यापासून युनायटेडने सुमारे अडीचशे नोकऱ्या कमी केल्या आणि २०२५ मध्ये आणखी दोनशेपर्यंत कमी करण्याचं जाहीर केलं.

२०२२ चा युथ कप युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध ३-१ असा जिंकला तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,४९२ प्रेक्षक होते. पोरांच्या अंतिम सामन्यासाठी एवढी माणसं कधीच आली नव्हती. गार्नाचोचे त्यात दोन गोल. त्या काळात अकादमीचे प्रमुख होते निक कॉक्स. मोठा खेळाडू म्हणून नाव नाही, शांत, शाळेतल्या मुख्याध्यापकासारखं बोलणारा माणूस, आणि रिलीज झालेल्या मुलांचं पुढे काय होतं याविषयी जाहीरपणे बोलणाऱ्या थोड्या प्रमुखांपैकी एक. २०१९ पासून ते त्या खुर्चीत होते. २०२५ मध्ये ते एव्हर्टनचे तांत्रिक संचालक होऊन गेले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हॅरिसन ज्या क्लबातून आले होते, तिथेच.

२०१९ मध्ये नऊ वर्षांची म्हणून नोंद झालेली पोरं कॉक्स गेले तेव्हा पंधराची होती. सोळाव्या वर्षी क्लबला त्यांच्यातल्या कोणाला पूर्णवेळ शिष्यवृत्ती द्यायची ते ठरवावं लागतं, बाकीच्यांना पत्र जातं. त्यांत एखादा असा असेलच की जो तेव्हा अजून बुटका होता, ज्याच्या वडिलांना कोणीतरी कधीतरी मैदानाच्या कडेला उभं राहून सांगितलंय की घाई करू नका, हा उशिरा येणार. वडिलांना ते शब्दाशब्दाने आठवत असणार. बैठक पुढच्याच हंगामात होती आणि तिच्या टेबलाशी बसणाऱ्यांत बरीच माणसं नवी होती.